जुन्या डिझेल पिकअपला टर्बो: ओझं ओढणाऱ्या गाड्यांचे अनुभव लिहा

गायमुखकर
आज सकाळी घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर एक जुनी टाटा २०७ पिकअप दिसली. मागे जनरेटरची ट्रॉली, दुसरा गिअर आणि मागच्या रिक्षावाल्याला पुढचं दिसू नये इतका काळा धूर. जुना विषय परत डोक्यात आला, म्हणून धागा. मांडववाले, रस्त्याच्या कामाचे कॉम्प्रेसर ओढणारे, बोटींच्या ट्रॉल्या ओढणारे, सगळ्यांनी लिहा. आकडे द्या, नुसतं "मस्त पळते" नको.

सुरुवात हवेच्या हिशोबाने, कारण टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून मोटारीत हवा दाबून भरणारा पंखा. उदाहरणाला २५२३ सीसीची बिनटर्बो मोटार, बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६. दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं, म्हणजे ३००० आरपीएमला, भरण ८५ टक्के धरलं तर, मिनिटाला साधारण ३.२ घनमीटर हवा. आपल्याकडच्या ३५ अंशांत तिचं वजन ३.७ किलोच्या आत. टर्बोने अर्धा बार, म्हणजे ७ पीएसआय दाब दिला की तेवढ्याच पोटात ४.७ किलो मावते. दीडपट का नाही? दाबलेली हवा तापते. कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम असला तरी ३५ ची हवा ९० अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) ती ५० वर आणली की ५ किलोच्या थोडं वर.

टर्बो घेताना हाच आकडा घेऊन जा: मिनिटाला ४.७ ते ५ किलो, दाब दीडपट. दिसायला दणकट म्हणून मोठ्या ट्रकचा टर्बो लावला तर २५०० आरपीएमपर्यंत तो जागाच होत नाही, आणि ओढणाऱ्या गाडीला जोर १५०० ते २२०० मध्ये हवा असतो.

नोझलवाला
गायमुखकर, एक वाक्य राहिलं. टर्बो फक्त हवा देतो, ताकद डिझेलची. पंपाला हात न लावता टर्बो बसवला तर धूर जातो, मोटार थंड चालते, चढावर थोडाच फरक पडतो. पुष्कळ ओझेवाल्या गाड्यांना तेवढंच पुरेसं असतं, हे माझं प्रामाणिक मत.

डिझेल वाढवायचंच असेल तर रोटरी पंपाचा फुल-लोड स्क्रू एका वेळी अष्टमांश फेरा. जास्त नाही. तो आत घेतला की आयडलपण वर जातं, ते परत खाली आणावं लागतं. इनलाइन पंप असेल तर बाहेरून पाना लावूच नका, बेंचवर कॅलिब्रेशन करून घ्या. चारही लाइनचं डिझेल सारखं नसेल तर जास्त मिळणारा एकच पिस्टन आधी वितळतो आणि दोष टर्बोवर जातो.

नोझल त्याच वेळी तपासून घ्या. थेंब गाळणारं नोझल बिनटर्बोवर चालून जातं, दाबावर नाही.

मुंब्राबायपास
पहिला खर्च टर्बोचा नाही, पायरोमीटरचा, म्हणजे धुराचं तापमान दाखवणाऱ्या मीटरचा. के टाइप थर्मोकपल (तापमानाची तार), एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (हेडमधून धूर गोळा करणारा पाइप), टर्बोच्या आधी. टर्बोनंतर लावला तर १०० ते १५० अंश कमी दाखवतो, आणि हा फरक भाराप्रमाणे बदलतो, त्यामुळे बेरीज करूनही भागत नाही.

अॅल्युमिनियमचा पिस्टन असलेल्या मोटारीला चढावर सतत ६५० ते ६८० ही हद्द. ७०० दिसले की पाय काढा, गिअर खाली घ्या. खालच्या गिअरला आरपीएम वाढतं, हवा जास्त येते, तापमान उतरतं. चौथ्यात गुरगुरत ओढणं हीच सगळ्यात वाईट सवय.

मीटर आधी बसवा आणि टर्बो लावायच्या आधीच ट्रॉलीसकट मुंब्रा बायपास चढून आकडे लिहून ठेवा. नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

कळव्याची_वर्षा
मीटरचं भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवून पाडा. लोखंडाचा कीस आत राहिला तर तो थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. ड्रिलला ग्रीस लावली तरी थोडा कीस पडतोच.

तुर्भे_लेथ
मॅनिफोल्डवर लिहितो, कारण सगळ्यात जास्त तडे इथेच जातात.

पातळ ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून जोडलेला) पाइप वाकवून वेल्ड करू नका. लाल होतो, आकसतो, परत लाल होतो आणि टाक्याच्या कडेने फाटतो. हेवी स्टीम पाइपचे बेंड घ्या. फ्लँज १२ मिमीची. वेल्डिंग करताना फ्लँज जुन्या हेडवर किंवा जाड प्लेटवर बोल्टने आवळून ठेवायची आणि थंड होईपर्यंत सोडायची नाही. तरीही वाकते, म्हणून शेवटी लेथवर फेसिंग करून सपाट करा. सरळपट्टी ठेवून ०.१ मिमीचा फीलर गेज आत जाता कामा नये.

टर्बोचं वजन नुसत्या मॅनिफोल्डवर टांगू नका. खालून ब्लॉकला ब्रॅकेट द्या, बोल्टचं भोक लांबट, म्हणजे तापल्यावर लोखंडाला सरकायला जागा राहते. टर्बोनंतरचा पाइप अडीच इंची, आणि मध्ये लवचीक बेलो हवाच. बेलो नसला की मोटारीचा हादरा सायलेन्सरमार्गे टर्बोच्या फ्लँजवर येतो. सेल्फची वायर आणि ब्रेकची नळी शेजारून जात असेल तर मध्ये पत्रा.

घणसोली२१
अवांतर: तुर्भे_लेथ दादा, कंबर कशी आहे आता?

तुर्भे_लेथ
बरी आहे. बेल्ट लावून उभा असतो. आभार.

पारसिककर
ऑइलकडे या. टर्बो मरतात ते बहुतेक इथेच.

येणारं ऑइल: प्रेशर स्विचच्या जागी टी मारून घ्या. स्टीलच्या जाळीची होज. जोडावर सिलिकॉन किंवा टेफ्लॉन टेप अजिबात नको, सुटलेला तुकडा टर्बोचं भोक बंद करतो. तांब्याचा वॉशर पुरतो.

जाणारं ऑइल: हे गुरुत्वाने उतरतं, मागे दाब नसतो. फेसाळलेलं असतं, म्हणून नळी आतून किमान १६ मिमी, सतत उताराची, मध्ये कुठेही पोट नको. चेंबरला (मोटारीखालची ऑइलची टाकी) जोडायचं ते ऑइलच्या पातळीच्या वर. पातळीखाली जोडलं की ऑइल तुंबतं, सीलमधून सायलेन्सरकडे जातं, निळा धूर येतो आणि लोक नवा टर्बो घेऊन येतात. नव्यालाही तेच होतं.

चेंबर उतरवूनच बंग (नळी जोडायचा आट्यांचा तुकडा) वेल्ड करा. जागेवर वेल्डिंग केलं तर ठिणग्यांचा कचरा पंपाच्या जाळीत.

नोझलवाला
+१. आणि ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी नळी! जुन्या गाडीचा ब्रीदर इनटेकला जोडलेला असतो. टर्बो बसवल्यावर ती नळी तशीच राहिली तर दाबाची हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरते. डिपस्टिक वर उडते, मागचं सील गळायला लागतं. ब्रीदर टर्बोच्या आधी, फिल्टरच्या बाजूला घ्या, किंवा ऑइल पकडणाऱ्या डब्यात सोडा.

उरणचा_दर्या
आमच्याकडे करंजाला बोटीची ट्रॉली ओढणाऱ्या जुन्या जीपा आहेत. त्यांच्या इनटेकला फुलपाखरू झडप आहे आणि तिथून बारीक नळी पंपाला जाते. चालेल का टर्बो?

नोझलवाला
थांबा! तो न्यूमॅटिक गव्हर्नर आहे. इनटेकच्या व्हॅक्यूमने पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) मागे ओढली जाते. टर्बोने तिथे व्हॅक्यूमऐवजी दाब आला की रॅक फुल डिझेलकडे जाते आणि मोटार आवरत नाही. आधी मेकॅनिकल गव्हर्नरचा पंप, मगच टर्बोचा विचार. हे न पाहता कोणी बसवून देत असेल तर गाडी परत घेऊन या.

उरणचा_दर्या
बापरे. बरं झालं विचारलं. धन्यवाद दादा.

कळव्याची_वर्षा
आवरत नाही म्हणालात म्हणून. टर्बोचं सील फुटून मोटार स्वतःच्या ऑइलवर पळायला लागली तर चावी काढून, डिझेल बंद करून उपयोग नसतो. उभ्या गाडीत ब्रेक दाबून वरचा गिअर टाका, क्लच झटकन सोडा, मोटार बंद पडते. नाहीतर इनटेकच्या तोंडावर सपाट फळी दाबा. हात किंवा फडकं नको. फडकं ओढलं जातं, हाताचं तर बोलायलाच नको. ड्रायव्हरला हे आधी सांगून ठेवा, वेळ आल्यावर सुचत नाही.

वागळे_इस्टेट
कागदपत्रांचं कोणीच लिहिलं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच-०४ असो की ४३, आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. खाजगी आवारातच फिरणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते तेही बघा.

पीयूसीला बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला ६५ एचएसयूची (धुराच्या काळेपणाचं माप) हद्द. चाचणी उभ्या गाडीत झटकन रेस देऊन होते, तेव्हा टर्बो जागा झालेला नसतो. डिझेल वाढवून ठेवलेलं असेल तर नेमकं तिथेच नापास.

नोझलवाला
म्हणूनच बूस्ट कॉम्पेन्सेटर असलेला पंप घ्या. इनटेकमधून एक नळी त्याच्या डायाफ्रामला, दाब आल्यावरच जादा डिझेल सुटतं.

टायमिंग पुढे ओढायचा मोह टाळा. दाबलेल्या गरम हवेत डिझेल लवकर पेट घेतं, म्हणजे मूळ टायमिंगच थोडं पुढे असल्यासारखं वागतं. आणखी पुढे घेतलं की हेड गॅसकेट उडते.

दिवा_जंक्शन
जुना टर्बो कुर्ल्याहून आणायचा तर काय बघायचं? लोकलमध्ये आहे, थोडक्यात सांगा

पारसिककर
शाफ्ट बोटात धरा. आत-बाहेर खेळ जाणवला तर ठेवून द्या. आडवा किंचित खेळ चालतो, पण पातं घराला घासता कामा नये. पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील तर तो धूळ पिऊन आलाय. कॉम्प्रेसरच्या तोंडात ऑइल साचलेलं असेल तर नको. शाफ्ट निळा पडलेला दिसला तर अजिबात नको.

घणसोली२१
धुळीवरून: तळोजा, तुर्भेच्या खडीच्या गाड्यांमागे फिरणाऱ्या पिकअपला जुना फिल्टर पुरत नाही. हवा जवळजवळ ४० टक्के वाढली, फिल्टर तेवढाच कसा चालेल? एक माप मोठा घ्या. इनटेकचं तोंड बोनेटच्या उंचीवर. पावसात शिळफाट्याला तुंबलेल्या पाण्यातून जाताना खालचं तोंड पाणी ओढतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंटरकूलर बंपरखाली टांगू नका, चिखलाने भरतो.

भांडुपवरून_हलो
मामलेदारच्या मिसळीला रविवारी कोण कोण येतंय?

दिवा_जंक्शन
मी. पारसिककर काकांना पण आणा कोणीतरी

मुंब्राबायपास
मूळ विषय. मोटार तयार आहे का हे आधी बघा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरांतला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. ऑइलचं झाकण उलटं ठेवल्यावर नाचत असेल, ब्रीदर धूर मारत असेल, तर आधी रिंगा आणि लायनर. बिनटर्बो मोटारीचं कॉम्प्रेशन मुळात जास्त, इनडायरेक्ट इंजेक्शनवालीला २१-२२ पट, म्हणून आतलं काही न बदलता ५ ते ७ पीएसआयच्या वर जाऊ नका. टाटाच्या १९४८ सीसीच्या ४८३ मोटारीला कंपनीचीच टर्बो आवृत्ती आली, त्यामुळे त्या घरातले भाग शोधायला सोपे.

वेस्टगेटची (जादा धूर टर्बाइनच्या बाजूने सोडून दाब आवरणारी झडप) नळी कॉम्प्रेसरच्या बाहेर पडणाऱ्या, दाबाच्या तोंडाशी जोडा. ती निसटली तर दाबाला हद्दच राहत नाही.

रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या सळीने साफ) करून घ्या. जादा डिझेल जाळलं की जादा उष्णता पाण्यातही जाते.

कळव्याची_वर्षा
क्लच? २५ टक्के जोर वाढला की जुनी प्लेट चढावरच घसरते. आणि ब्रेक तेवढेच राहतात, हे सगळ्यांनी लक्षात घ्या. ट्रॉलीचं वजन वाढवू नका, आहे ते ओझं नीट चढावं एवढाच हेतू ठेवा. हुकवर ट्रॉलीच्या वजनाचा ५ ते १० टक्के भार असू द्या. मागे जास्त झाला की उतारावर शेपूट हलते.

उरणचा_दर्या
बोटीचं इंजिन मागे असतं, मग भार पाठीमागेच जातो ना ताई

कळव्याची_वर्षा
बोट पुढे सरकवून विंचच्या खांबाचा क्लॅम्प पुढे घ्या दादा. जमत नसेल तर ट्रॉलीचा एक्सल मागे. बोटीत साचलेलं पाणी काढूनच निघा.

गायमुखकर
पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यायची?

पारसिककर
टर्बोच्या भोकात हाताने ऑइल ओता, शाफ्ट फिरवा. मग डिझेल बंद ठेवून १०-१५ सेकंद सेल्फ मारा, दाबाचा दिवा विझेपर्यंत. सुरू झाल्यावर दोन मिनिटं नुसतं आयडल, रेस नाही. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघा. रोज चढ चढून आल्यावर एक-दोन मिनिटं आयडलला ठेवूनच बंद करा, नाहीतर बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतो. ऑइल १५डब्ल्यू-४०, सीआय-४, बदल ५००० किमीला. पहिला बदल ५०० लाच करा, चेंबरला वेल्डिंग झालंय.

दिवा_जंक्शन
५०० चं लिहून घेतलं. ठाणे आलं, उतरतो

पारसिककर
जुनं ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून बघा. चकाकणारे कण दिसले तर गाडी सुरू न करता फोन करा.