मदत हवी आहे: फिनहासला नवीन काय मिळालं?

हिब्रू बायबलमधल्या गणना 25:13 मध्ये फिनहासला वंशपरंपरेने कायमच्या याजकपदाचा करार मिळतो. पण तो पहिला महायाजक अहरोन याचाच नातू, आणि निर्गम 40:15 प्रमाणे ते पद घराण्यात आधीच आलेलं. मग वेगळं काय दिलं?

11व्या शतकातला भाष्यकार राशी (आपली मेष-वृषभवाली नव्हे!) म्हणतो, अभिषेक अहरोन आणि त्याच्या मुलांचा झाला, पद पुढे जन्मणाऱ्यांना, फिनहास आधीच जन्मलेला, म्हणून राहून गेला. ठीक, पण फार तांत्रिक वाटतं. महायाजकपद असा अर्थ घ्यावा, तर मध्येच महायाजक म्हणून एली येतो, जो फिनहासच्या नव्हे, तर अहरोनाचा धाकटा मुलगा इथामार याच्या शाखेतला. पुढे शलमोन राजाने एलीच्या वंशातल्या अब्याथारला काढून फिनहासच्या वंशातल्या सादोकला नेमलं, हे वाचलंय (1 राजे 2).

हिब्रू येत नाही. ख्रिस्ती अर्थ नकोय. यहुदी भाष्यकारांनी एलीचा हा खंड 'कायमच्या' कराराशी कसा जुळवलाय?