सावड, इर्जिक, वारंगुळा, भिशी: फेड कोण कुणाची करतं?

पदरमोड:
आर्थिक विषमता आणि तिच्यावर लोकांनी आपापल्या पातळीवर काढलेले मार्ग, यावरच्या एका पुस्तिकेच्या मसुद्यात सावड, इर्जिक, वारंगुळा, भिशी, बचत गट आणि सहकार या सगळ्यांना सरसकट ‘परस्पर सहकार्य’ म्हटलंय. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? आणि ‘सामाईक’, ‘सामूहिक’ यांतला फरक सांभाळावा का?

औतकरी:
नाही चालणार. फरक फेडीचा आहे.

सावडीत हिशेब असतो. दोघांकडे एकेकच बैल असला की दोघांनी मिळून जोडी करायची, आज तुझं रान, उद्या माझं. तीच रीत माणसांच्या कामाला लागू झाली. माझ्या रानात तुमचे तीन दिवस झाले तर तुमच्या रानात माझे तीन. मोजायचे ते दिवस. ‘तुझं रान संपेपर्यंत मी, माझं संपेपर्यंत तू’ असा बोल केला आणि एकाचं रान एक एकर, दुसऱ्याचं चार एकर असलं, की भांडण ठरलेलं. यायला जमलं नाही तर घरातलं दुसरं माणूस पाठवायचं किंवा त्या दिवशीच्या दराने मजुरी द्यायची, हेही आधीच बोलून ठेवावं लागतं.

इर्जिक म्हणजे एकाच्या रानात सगळ्यांनी मिळून एका दिवसात काम उरकणं. ज्याचं रान तो जेवण घालतो. दिवसाला दिवस अशी फेड नसते, पुढे कुणी बोलावलं तर जायचं एवढंच. घरात आजारपण आहे, बैल दगावलाय, करतं माणूस गेलंय, अशा अडलेल्या घरासाठी ही रीत होती. मसुद्यात इर्जिकला ‘श्रमांची देवाणघेवाण’ म्हटलं असेल तर ते काढा. ती सावड.

वारंगुळा हा मराठवाड्यातला शब्द, सावडीच्याच अर्थाचा. आता तो खुरपणीपुरता उरलाय, कारण बैलांची सावड ट्रॅक्टरने संपवली.

पदरमोड:
सावडीत पहिला नंबर कुणाचा, हे कसं ठरतं? सगळ्यांनाच घाई असणार.

औतकरी:
सावड मोडते ती तिथेच. पाऊस पडल्यावर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काही दिवसांचाच असतो आणि तो सगळ्यांच्या रानाला जवळपास एकदमच येतो. शेवटच्या नंबरच्या रानातली ओल उडते, उगवण विरळ होते, आणि पुढच्या वर्षी तो सावडीत येत नाही. म्हणून जाणते लोक क्रम जमिनीवरून लावतात: हलकी, मुरमाड रानं आधी, कारण ती लवकर वाळतात, भारी काळी नंतर, तिला वाफसाही उशिरा येतो आणि ओलही टिकते. सगळी रानं एकाच जातीची असली तर चिठ्ठ्या टाका आणि दुसऱ्या वर्षी क्रम उलटा करा. खुरपणीला दोन-चार दिवस मागेपुढे चालतं, पेरणीला नाही. म्हणून सावड खुरपणीत तगली.

खतावणी:
औतकरींचं बरोबर आहे, पण पुस्तिका विषमतेवर आहे म्हणून एक जोड. सावड बरोबरीच्यांत चालते. ज्याला रान नाही त्याच्या रानात तुम्ही फेड कशी करणार? म्हणून भूमिहीन माणूस सावडीत नसतोच, तो मजुरीवर असतो. इर्जिकचंही तेच. अडलेल्याच्या रानात ते इर्जिक; ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही अशा बड्या खातेदाराच्या रानात जेवणावर दिवसभर राबलात, तर नाव काहीही असो, ती वेठ. सावडीला ‘समतेची जुनी परंपरा’ वगैरे म्हणण्याआधी हे लिहा.

आता भिशी. तिलाही फेड आहे, पण सगळ्यांची सारखी नाही. १२ जण, दरमहा १,००० रुपये, रक्कम १२,०००. चिठ्ठीच्या भिशीत पहिल्या महिन्यात ज्याला लागली त्याने भरले १,००० आणि उचलले १२,०००. म्हणजे ११,००० बिनव्याजी वापरायला मिळाले. शेवटच्याने ११ महिने बिनव्याजी पैसे पुरवले. बोलीच्या भिशीत हा फरक पैशात उतरतो: कुणी १०,५०० वर उचलली तर सुटलेले १,५०० बारा जणांत वाटून प्रत्येकी १२५. ज्याला नड जास्त तो जास्त सोडतो, म्हणजे बोलीत नडलेल्याचा पैसा बिननडीच्याकडे जातो. हे सोयीचं आहे, समतेचं नाही.

भिशी बुडते ती बहुधा लवकर उचललेल्याने हप्ते थांबवल्यामुळे. उपाय जुनाच: नव्या सभासदाला शेवटचे नंबर, आणि लवकर उचलणाऱ्याला आतलेच दोन जामीन. कायदाही बघा. भिशी ही कायद्याच्या भाषेत ‘चिट’. चिट फंड अधिनियम, १९८२ मधली छोट्या भिशीची सूट आधी १०० रुपयांपर्यंत होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ठरवायचं राज्य सरकारांवर सोपवलं. ही मर्यादा एका हप्त्याला गोळा होणाऱ्या एकूण रकमेची आहे, आणि एकच चालक एका वेळी दोन-तीन भिश्या चालवत असेल तर त्यांची बेरीज धरतात. म्हणजे वरच्या भिशीत १२,००० धरायचे, १,००० नव्हे.

पदरमोड:
बचत गट मग भिशीचीच नोंदवलेली आवृत्ती म्हणायची का?

खतावणी:
नको. भिशीत पैसा फिरतो, शिल्लक काही राहत नाही. गटात साचतो. १० ते २० जणी, ठरलेली बचत, त्यातूनच कर्ज, आणि व्याज गटाच्याच खात्यात. नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या बँकेने १९९२ मध्ये बँकजोडणी (गटाला बँकेचं कर्ज) सुरू केली ती अशाच गटांची.

गटाच्या कर्जाला महिन्याला शेकडा दोन व्याज म्हणजे वर्षाला २४ टक्के, ऐकायला सावकारी वाटते. पण हिशेब उरलेल्या मुद्दलावर होतो की मूळ रकमेवर, ते विचारा. १०,००० रुपये, दहा महिने, दरमहा १,००० मुद्दल परत: उरलेल्या मुद्दलावर एकूण व्याज १,१००, मूळ रकमेवर २,०००. दर तोच. गटाच्या वहीत ‘शिल्लक मुद्दल’ हा रकाना नसेल तर बहुधा दुसरा हिशेब चालू असतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि एक घोळ. सूक्ष्म वित्त कंपन्या कर्जासाठी पाच-दहा बायकांना एकत्र बांधतात त्यालाही लोक ‘बचत गट’च म्हणतात. तिथे स्वतःचा साठा नसतो, व्याज कंपनीकडे जातं, आणि एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांवर दबाव. पुस्तिकेत त्याला ‘कर्जगट’ म्हणा.

गायरान:
सामाईक आणि सामूहिक. हा फरक सांभाळाच, कारण सातबाऱ्यावर तो खरा आहे. सामाईक खात्यात प्रत्येकाचा हिस्सा असतो, फक्त तो वाटून घेतलेला नसतो. कुणीही उठून वाटप मागू शकतो. सामूहिक वनहक्कात हिस्सेच नसतात. हक्क ग्रामसभेचा, आणि वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. ते जंगल ‘सामाईक’ म्हणालात तर वाचणाऱ्याला वाटेल, उद्या वाटणी होईल.

सहकाराबद्दल एवढंच की तो कायद्यातला शब्द आहे: नोंदणी, उपविधी, एक सभासद एक मत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये लाभांशावर साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे भांडवलाला मोबदला मिळतो पण बेफाम नाही. तरी त्याच सहकारातून ‘सहकारसम्राट’ हा शब्द निघाला! एक मत असलेल्या सभासदांमधून सम्राट कसा होतो, हा वेगळ्या पुस्तिकेचा विषय.

पदरमोड:
म्हणजे ‘परस्पर सहकार्य’ हे फार तर प्रकरणाचं नाव. आत प्रत्येक शब्द वेगळा ठेवते. क्रियापदं तरी एकसारखी चालतील?

औतकरी:
तीही वेगळीच. सावड करतात आणि फेडतात. इर्जिक घालतात. भिशी लावतात, लागते, उचलतात, बुडते. गट मात्र फुटतो.