मदत हवी: रणातले घुडखर बघायचेत, परवापर्यंत बुकिंग फायनल करायचंय

वाटसरू_मी
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. आम्ही कच्छच्या रणात जातोय, घुडखर म्हणजे रानगाढवं बघणे हा मुख्य उद्देश. लेकीने शाळेत त्यावर प्रोजेक्ट केलं होतं तेव्हापासून तिचा एकच धोशा चालू आहे. प्रश्न दोनच. एक दिवस पुरतो का दोन लागतात, आणि आपली गाडी आत नेता येते का? नेटवर वाचून वाचून डोकं भणाणलंय, एक म्हणतो तंबूत रहा, दुसरा म्हणतो गावात रहा. राहायच्या ठिकाणी अर्धे पैसे भरलेत, उरलेले परवा द्यायचेत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

टिटवी
कुठलं रण? मोठं की छोटं?

वाटसरू_मी
कच्छचं रण हो. पांढरं मीठ, तंबू वगैरे. प्रश्न गाडीचा आहे.

टिटवी
नाही ताई, प्रश्न गाडीच्या आधीचा आहे. पांढरं रण आणि तंबूंचं गाव म्हणजे धोरडो, ते मोठ्या रणात, भुजच्याही पुढे साधारण ८० किमी. घुडखर अभयारण्य छोट्या रणात आहे, तिथे शिरायचं ते बजाणा, झैनाबाद, पाटडी नाहीतर ध्रांगध्राकडून. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत. तुम्ही पैसे कुठे भरलेत ते आधी बघा.

चाकोरीबाहेर
गाडी बिनधास्त न्या. मी माझी फोर बाय फोर घेऊन गेलो होतो, सपाट जमीन आहे, ना खड्डा ना वळण, मुलांना तर फार मजा आली. जीपवाल्यांच्या मागे लागायची काही गरज नाही, उगाच सगळे घाबरवतात.

वाटसरू_मी
@टिटवी बघितलं, झैनाबादजवळच आहे. हुश्श. @चाकोरीबाहेर धन्यवाद, आमची साधी हॅचबॅक आहे, चालेल ना?

निवांत
अजिबात नेऊ नका! कळकळीने सांगतोय. आम्ही जानेवारीत गेलो होतो, सहा जण, मोठी गाडी. वरून जमीन कडक, भेगा पडलेली, पाय आपटला तर टणक आवाज येतो. एका ठिकाणी रंग जरासा गडद होता तो लक्षात आला नाही आणि पुढची दोन्ही चाकं साखरेचा पापुद्रा फुटावा तशी खाली गेली. आत काळा, गुळगुळीत, खारट वासाचा चिखल. जेवढी रेस द्यावी तेवढी गाडी खोल जात होती, शेवटी दार उघडलं तर ते जमिनीला घासलं. चारी बाजूंना सारखंच दिसतं, खूण म्हणून झाडसुद्धा नाही, फोनला रेंज नाही. दोन तासांनी एका अगरियाने (तिथले मीठ पिकवणारे) लांबून बघितलं आणि ट्रॅक्टर घेऊन आला. पैसे घेईना, उलट झोपडीत नेऊन चहा पाजला. वनखात्याच्या नाक्यावर परमिट काढा, फी भरा, आणि तिथल्याच माणसाची जीप घ्या. ते लोक जमिनीच्या रंगावरून ओळखतात कुठून जायचं.

चाकोरीबाहेर
तुम्ही रस्ता चुकलात म्हणून गाडी नाकारायची का? जुन्या चाकोऱ्यांवरूनच चालवायची, मी तेच केलं.

निवांत
चाकोऱ्या दर पावसाळ्यात पुसल्या जातात दादा. तुम्ही ज्यावरून गेलात त्या त्याच वर्षीच्या जीपच्या असणार. आणि दुसरं, हौशी गाड्या घुडखरांच्या मागे पळवतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते ताशी ७० किमीपर्यंत पळतात म्हणून लोकांना शर्यत लावावीशी वाटते. पिल्लू मागे पडतं त्यात.

टिटवी
निवांत यांना १००% सहमत. पण वाटसरूताई, जाताय कधी ते अजून लिहिलंच नाहीत.

वाटसरू_मी
अहो आत्ताच, सहामाहीची सुट्टी लागली की. ११ ऑक्टोबरला पोचतोय, १३ ला दुपारी निघायचं.

टिटवी
अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं.

वाटसरू_मी
काय??? फोनवर मला स्पष्ट सांगितलं की सगळं चालू आहे, ॲडव्हान्स पण घेतला. दोन-चार दिवसांनी काय एवढा फरक पडतो, काठाकाठाने तरी दाखवतील ना? लेक दिवस मोजतेय हो.

जुनी_दुर्बीण
थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे बऱ्याच जणांचा समज आहे की रण म्हणजे वाळू. छोटं रण वाळूचं नाही. कच्छच्या आखाताचा हा उथळ फाटा, गाळाने भरत आलेला. पावसाळ्यात एकीकडून बनास, रूपेण, मच्छू या नद्या पाणी आणून ओततात, दुसरीकडून भरतीचं पाणी खाडीतून वर चढतं, आणि हा सगळा सपाट पट्टा उथळ पाण्याखाली जातो. जरा उंच असलेले तुकडे तेवढे वर राहतात, त्यांना तिकडे बेटच म्हणतात, कारण चार महिने ती खरोखरची बेटं असतात. गवत उगवतं ते तिथेच आणि काठावर, म्हणून घुडखर तिथे गोळा होतात. पावसाळा हाच त्यांचा विणीचा काळ, माद्यांजवळ नुकती जन्मलेली पिल्लं असतात, नर एकमेकांना चावत-लाथाडत हद्दीवरून भांडत असतात. म्हणजे बंदी आहे ती तुमच्या गाडीसाठी आहे आणि त्यांच्यासाठीही आहे. पाऊस थांबला की पाणी हळूहळू आटतं. १६ तारखेला नाका उघडला म्हणून मधला भाग वाळलेला असतोच असं नाही, पाऊस लांबला तर दिवाळीतसुद्धा काठानेच फिरवतात. चोरून कुणी दाखवतो म्हणाला तर कृपा करून जाऊ नका.

कॅमेरावेडा
लेन्स कमीत कमी ४०० एमएमची न्या, शिवाय धूळ फार, मीठही असतं त्यात, रणात उभं राहून लेन्स बदलू नका. दुपारी फोटो काढूच नका, गरम हवा लहरते आणि सगळं मऊ येतं.

वाटसरू_मी
माझ्याकडे फोन आहे फक्त. मला एवढंच सांगा तारीख पुढे ढकलू का अख्खी ट्रिप रद्द करू.

हिरवं_पान
ढकला पण फार नाही. घुडखर नामशेष होत चाललेत, मुलीला लवकर दाखवून आणा.

जुनी_दुर्बीण
हे जुनं झालं. १९६०च्या आसपास सर्रा या घोड्यांच्या रोगाने आणि त्यांच्याच दुसऱ्या एका साथीने ते काहीशेवर आले होते हे खरं. पण २०२०च्या गणनेत ६,०८२ आणि २०२४च्या गणनेत ७,६७२ भरले. भारतीय घुडखरांचं मोठं नैसर्गिक घर हेच एक उरलंय म्हणून काळजी आहे, साथ आली तर सगळे एकाच जागी. पण आपण जाईपर्यंत संपतील असं मुलीला सांगू नका. आता तर ते अभयारण्याबाहेर शेतांतही शिरतात, वेड्या बाभळीच्या शेंगा खातात.

हिरवं_पान
चुकलं माझं, आकडे माहीत नव्हते. छान वाटलं वाचून. पण मी तिथे माळढोक पाहिलाय, तो तरी नक्की कमी झालाय.

टिटवी
कितीसा मोठा होता? कधी पाहिलात?

हिरवं_पान
डिसेंबरमध्ये, मोठ्या कोंबड्यापेक्षा जरा मोठा. करड्या-पिवळट रंगाचा, जीप थांबल्यावर झुडपामागे दबून बसला. गाइड तिलोर तिलोर करत होता.

टिटवी
मग तो माळढोक नव्हे. तिलोर म्हणजे मॅक्वीन्स बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा लहान भाऊबंद, मध्य आशियाकडून हिवाळ्याला येतो. माळढोक मीटरभर उंच, नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं, तो असा झुडपामागे मावणार नाही. पण तिलोर दिसणं हेही मोठं भाग्य, मला तिसऱ्या फेरीत दिसला. वाटसरूताई, तुम्ही डिसेंबर-जानेवारी धरा. कुंज म्हणजे करकोचे तोवर आलेले असतात, पाणथळीवर रोहित (फ्लेमिंगो), माळावर भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी). संध्याकाळी जीप बंद करून बसलं की शॉर्ट इअर्ड आऊल हे घुबड जमिनीलगत उडताना दिसतं. लेकीला घुडखर दिसतीलच, बाकीचं वरकड.

कमान_आणि_वाव
एवढ्या लांब जाताय तर मोढेऱ्याचं सूर्यमंदिर आणि पाटणची राणी की वाव (पायऱ्यांची विहीर) सोडू नका. वाव २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. माझ्या मते रणाला अर्धा दिवस पुरे, बाकी वेळ तिकडे द्या.

निवांत
ताईंनी देवळं विचारलेली नाहीत. अर्ध्या दिवसात रण होत नाही. सकाळची एक फेरी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची एक, एवढं तरी हवंच, दोन्ही वेळचं रण वेगळं असतं.

कमान_आणि_वाव
सुचवायला काय हरकत आहे, लोक तिथून तासा-दीड तासावरून परत येतात आणि मग हळहळतात.

वाटसरू_मी
मंडळी भांडू नका. राहायच्या ठिकाणी फोन केला. आधी म्हणाले गावं आणि तलाव दाखवू, मी १५ ऑक्टोबरचं विचारल्यावर जरा गप्प झाले. मग तारीख बदलून द्यायला तयार झाले, पैसे परत नाहीत. २७ ते २९ डिसेंबर घेऊ का? बरोबर सासूबाई आहेत, वय ७१, कंबरेचा त्रास आहे, जीपमध्ये बसवतील का?

टिटवी
हे पण आत्ता सांगताय! उघड्या जीपमध्ये मागच्या आडव्या सीटवर बसवू नका, पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा. रणात तसे धक्के कमी, काठाच्या कच्च्या रस्त्यावर जास्त. विरमगामपर्यंत रेल्वेने गेलात तर पुण्या-मुंबईहून गाडीतला तो मोठा पल्ला वाचेल त्यांचा. तारखा चांगल्या आहेत, फक्त नाताळची गर्दी असते, जीप आत्ताच सांगून ठेवा.

निवांत
आणि एक सकाळ अगरियांकडे नक्की जा. जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यात सोडतात, पूर्वी डिझेलवर, आता बऱ्याच ठिकाणी सौर पंप आहेत. मग महिनोन्‌महिने लाकडी दाताळ्याने ते ओढत राहायचं, तेव्हा खडे धरतात. आम्हाला चहा दिला त्या बाईंचे पाय मी विसरू शकत नाही, टाचांना पांढऱ्या भेगा, आणि बोलता बोलता त्या एक खडा तळहातावर उलटासुलटा करून दाखवत होत्या, कसा चौकोनी धरलाय. माझ्या मुलाने तो अजून जपून ठेवलाय. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, वाफ्याच्या बांधावरून चाला, वाफ्यात पाय घालू नका.

चाकोरीबाहेर
गाडीचं माझं मत थोडं घाईचं होतं, हॅचबॅक असेल तर नाहीच. काठापर्यंत ठीक, पुढे जीप.

वाटसरू_मी
२७ डिसेंबर नक्की केलं, जीप पण त्यांनाच सांगितली, दोन फेऱ्या. लेकीला आत्ताच सांगितलं, आधी रडली, मग तिने विचारलं की तेव्हा पिल्लं किती मोठी झाली असतील. कुणाला माहितीय?

जुनी_दुर्बीण
पावसाळ्यात जन्मलेली तोवर चार-पाच महिन्यांची होतील, आईच्या बाजूलाच चिकटून असतात. तिला सांगा, उन्हात लांबून बघितलं तर आधी त्यांचे पाय दिसत नाहीत, हवेत नुसती पाठ तरंगते, आणि जवळ येईतो हळूहळू पाय फुटतात. आणि पाठीवरचा गडद पट्टा मानेपासून शेपटीपर्यंत जातो का ते नीट बघायला सांगा, मग इथे लिहा.

टिटवी
पहाटेच्या फेरीला कानटोपी आणि शाल, सासूबाईंना दोन. उघड्या जीपमध्ये वारा फार बोचतो.