अर्ज, विनंती की गाऱ्हाणं? : गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रांचा अनुवाद करताना

दौतटाक
अमेरिकन यादवी युद्धातल्या काही पत्रांचा मराठी अनुवाद करतेय, आमच्या वाचनगटासाठी. दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांपैकी एक नॉर्थ कॅरोलिना, तिथला गव्हर्नर झेब्युलन व्हान्स याला साध्या माणसांनी १८६२ ते ६५ या काळात लिहिलेली ही पत्रं. नवरा सक्तीच्या भरतीत गेलाय, पेरणीपुरता तरी घरी पाठवा. मीठ मिळत नाही, डुकराचं मांस टिकवायचं कसं? शेजारी बंदी असताना मक्याची दारू गाळतोय आणि आमच्या पोरांना भाकरीला पीठ नाही. असा मजकूर.

इंग्रजीत या सगळ्याला सरसकट ‘पिटिशन’ म्हटलंय. मी ‘अर्ज’ लिहिलं. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी खोडून ‘याचिका’ केलं. दुसऱ्यांनी ‘गाऱ्हाणं’ सुचवलं. शिवाय मी ‘गव्हर्नर’ ठेवलं होतं, त्याचं कुणीतरी ‘राज्यपाल’ करून टाकलं. दोन्हींवर मतं हवीत.

अनुस्वार
याचिका नकोच. याच् म्हणजे मागणं, हात पसरणं. आणि आज तो शब्द कोर्टाने इतका बळकावलाय की ‘याचिका’ वाचलं की डोळ्यापुढे खंडपीठ येतं.
‘अर्ज’ही तसा परकाच, अरबीतून फारसीमार्गे आलेला. मराठीत ‘विज्ञापना’ होता की. पेशवाईतली पत्रं बघा, ‘सेवेसी विज्ञापना’. तो का टाकायचा?

रेवदंडेकर
कारण वाचकाला वाटेल साबणाची जाहिरात आहे. हिंदीने तो शब्द कधीच पळवला.
आणि अर्ज परका म्हणता? रेशन दुकानात जाऊन ‘विज्ञापना कुठे मिळेल’ विचारून बघा एकदा. तीनशे-साडेतीनशे वर्षं आपल्याकडे राहतोय तो शब्द, आता तरी डोमिसाईल द्या.

अनुस्वार
थट्टा सोपी असते. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवकाळात उगाच नाही करवून घेतला.

रेवदंडेकर
करवून घेतला आणि त्यानंतरही लोक अर्ज, फिर्याद, दाद, कैफियत असंच लिहीत राहिले. कोश राजाचा, तोंड रयतेचं.

बोरूबहाद्दर
थोडं मूळ प्रश्नाकडे. ‘विनंती’ का नाही चालत? आणि गंमत अशी की विनंती आणि विज्ञापना एकाच घरातले आहेत. विज्ञप्ति, प्राकृतात विण्णत्ति, मग विनंती. म्हणजे मुळात ‘वाकणं’ नाही, ‘कळवणं’ आहे. पत्राच्या शेवटी आपण ‘कळावे’ लिहितो तोच भाव. त्या बाया गव्हर्नरला कळवतच होत्या.

नर्मदेकाठची
बोरूबहाद्दर, आमच्या सरांनी विनंती ‘वि + नम्’ अशी शिकवली होती. विनति, विनत, विनय, सगळं वाकणंच. ण्ण चा न झाला तर ती अनुस्वाराची टिकली कुठून आली?

बोरूबहाद्दर
त्त च्या आधी मराठीत अनुनासिक घुसतं कधीकधी. आणि विनति हे रूप मागाहून संस्कृतवाल्यांनी विनंतीवरून पाडलं असावं असा माझा संशय आहे. पण सरांशी भांडत नाही.

डेट्रॉइटची मावशी
गव्हर्नरबद्दल बोलते. राज्यपाल अजिबात करू नका! आपल्या मनातला राज्यपाल म्हणजे राष्ट्रपतींनी नेमलेला, राजभवनात (आताच्या लोकभवनात) राहणारा, शपथ देणारा माणूस. व्हान्स निवडून आलेला होता. ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याआधी सव्विसाव्या नॉर्थ कॅरोलिना रेजिमेंटचा कर्नल. १८६४ ला पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. आपल्या भाषेत तो मुख्यमंत्री.

हे महत्त्वाचं का, तर पत्रांचा सूर त्यावर ठरतो. बायकांना मत नव्हतं, पण छावणीतला नवरा मत देत होता. ‘माझा नवरा तुमच्याच रेजिमेंटमध्ये होता’ असं कुणी लिहिलं तर त्यात ओळख आहे आणि थोडा दमही आहे.

रेवदंडेकर
मग ‘मुख्यमंत्री’ लिहायचं का? ‘मा. मुख्यमंत्री झेब्युलन व्हान्स, रॅले’. वर ‘मार्फत: तहसीलदार’.

डेट्रॉइटची मावशी
नाही हो. गव्हर्नरच ठेवा. पण मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचा वास येऊ देऊ नका. तो लंडनहून नेमलेला लाटसाहेब, त्याला मतांशी देणंघेणं नव्हतं. म्हणून ‘मायबाप सरकार’, ‘मेहेरबान साहेब बहादूर’ हा मायना या पत्रांना लावणं खोटं ठरेल. मोह होतो, माहीत आहे.

दौतटाक
मावशी, हा मोह मी केला होता. पहिल्या खर्ड्यात ‘मेहेरबान गव्हर्नरसाहेब यांस’ असंच आहे. वाचायला छान लागतं म्हणून अजून काढवत नाही.

सातारी शिपाईगडी
छान लागतं ते बरोबर असतंच असं नाही ताई.
माझा आक्षेप वेगळा आहे. ‘फर्लो’ला, म्हणजे सैनिकाच्या घरी जायच्या रजेला, तुम्ही काय केलंय? आमच्या गावाकडं घरटी एक माणूस पलटणीत. आजीच्या तोंडी ‘फर्लोवर आलाय’ असंच होतं. हल्ली वर्तमानपत्रं ‘संचित रजा’ लिहितात, तेही कैद्यांसाठी. त्या बाईच्या पत्रात ‘माझ्या नवऱ्यास संचित रजा द्यावी’ आलं तर वाचणारा म्हणेल हा कुठल्या तुरुंगात आहे.

दौतटाक
‘रजा’ केलंय साधं. पण बऱ्याच जणी रजा मागत नाहीत, कायमची सुटका मागतात. त्याला?

सातारी शिपाईगडी
‘नाव कमी करा’. पलटणीतून नाव कमी होणं. गावात कुणालाही कळेल.
आणि जे न विचारता घरी आले त्यांना पळपुटे म्हणू नका. पळपुटा म्हणजे भित्रा. लष्करात ‘भगोडा’ म्हणतात, तो हिंदी. नांगरणीला आलेला आणि नांगरणी करून परत गेलेलाही त्यांच्या कागदावर पळालेलाच असणार. बायको काय लिहिते ते बघा, ती ‘पळून आला’ लिहीत नसेल.

दौतटाक
नाही लिहीत. ‘घरी आला’ एवढंच. तसंच ठेवते.

पाटीवरचा खडू
एक तांत्रिक मुद्दा. व्हान्सच्या हातात सैनिकाला सोडणं नव्हतंच. एप्रिल १८६२ चा सक्तीच्या भरतीचा कायदा बंडखोर राज्यांच्या रिचमंडमधल्या मध्यवर्ती सरकारचा, आधी १८ ते ३५ वर्षं, त्याच सप्टेंबरात ४५ पर्यंत, फेब्रुवारी १८६४ ला १७ ते ५०. गव्हर्नर फार तर राज्याच्या कामाला अत्यावश्यक म्हणून काही लोकांची नावं पुढे करू शकत होता. ते त्याने भरपूर केलं आणि त्या सरकारचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्याशी त्यावरून भांडलाही. राज्याचे सरन्यायाधीश रिचमंड पिअरसन भरती झालेल्यांना कोर्टातून मोकळं करत होते, ते वेगळंच.
म्हणजे लोक ज्याच्याकडे मागत होते त्याला देता येत नव्हतं. मग तो ‘अर्ज’ कसा? अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

मालवणी मेवा
म्हणून तर गाऱ्हाणं! आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते देवाला. ‘बा देवा म्हाराजा…’ म्हणून सुरू, प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’. त्यात देवाला नुसतं मागत नाहीत, बजावतात. आम्ही तुझं केलं, आता तू आमचं बघ. देणं-घेणं आहे ते. त्या पत्रांचा सूर मला अगदी तसा वाटतोय: आमची माणसं दिली, आता पीठ द्या.

अनुस्वार
गाऱ्हाणं गर्हणेवरून. गर्हणा म्हणजे निंदा. कोकणात देवापुढे अर्थ मवाळ झाला एवढंच. घाटावर ‘गाऱ्हाणी सांगणे’ म्हणजे चहाडी, पोरं आईकडे करतात ती. गव्हर्नरसमोर केविलवाणं वाटेल.

मालवणी मेवा
घाटावर काय वाटतं ते घाटावर ठेवा. 🙂

नर्मदेकाठची
मला ‘दाद मागणे’ जवळचं वाटतं. दाद म्हणजे न्याय. नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्सबरी गावचं प्रकरण घ्या ना. मार्च १८६३, सैनिकांच्या बायका कुऱ्हाडी घेऊन व्यापाऱ्यांच्या दुकानांवर गेल्या. फुकट मागत नव्हत्या, सरकार ज्या भावाने पीठ घेतं त्या भावाने आम्हाला द्या म्हणत होत्या. पिठाची पिंपं, काकवी, मीठ आणि वीस डॉलर घेऊन आल्या. मग त्यांच्यातल्या एकीने व्हान्सला पत्र लिहून सगळं सांगितलं. लपवलं नाही, उलट भाव बांधून द्या म्हणाली. सरकारी कपडे शिवून मिळणारी मजुरीही मांडली. ती ना याचना, ना गाऱ्हाणं. हिशेब आहे तो.

उसाचं कांडं
काकवी नाही ओ. मोलॅसिस म्हणजे मळी.

नर्मदेकाठची
मळी कोण खातं? मळी कारखान्यातून दारूच्या भट्टीला जाते.

उसाचं कांडं
तेच म्हणतोय. मोलॅसिस म्हणजे साखर काढून उरलेलं. काकवी म्हणजे गुऱ्हाळात गूळ बनायच्या आधीची पाकासारखी गोड वस्तू, तिच्यातली साखर कुणी काढलेली नसते. कोल्हापुरात लहानाचा मोठा झालोय, चुलवाणापाशी बसून काकवी चाटलीय. दोन्ही एक म्हणू नका.

रेवदंडेकर
म्हणजे सॉल्सबरीच्या बायकांनी कुऱ्हाडी घेऊन मळीचं पिंप नेलं असं लिहायचं? वाचक म्हणेल बायका भट्टी लावणार होत्या.

पाटीवरचा खडू
अनुवादात नेमका पदार्थ नाही, त्याचं घरातलं काम महत्त्वाचं. भाकरीशी खायचं गोड. काकवी.

एक वाचक
सगळे ‘साधी माणसं’, ‘रयत’ म्हणताय म्हणून लिहितो. १८६० ला त्या राज्यातला साधारण तिसरा माणूस गुलाम होता. त्याला गव्हर्नरला पत्र लिहिणं दूरच, लिहायला शिकवणंच गुन्हा होता. त्या टपालात गुलाम येतात ते मालकांच्या पत्रांतून. तटबंदीच्या कामाला नेलेले आमचे लोक परत करा, त्यांचे पैसे द्या. ‘आमचे लोक’ म्हणजे आमची मालमत्ता. आणि ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने वीस गुलामांमागे एका गोऱ्याला भरतीतून सूट होती, त्याचा राग गरीब गोऱ्यांच्या पत्रांत आहे. राग त्या सवलतीचा, गुलामीचा नव्हे. अनुवादात ‘जनतेची गाऱ्हाणी’ असं शीर्षक दिलंत तर जनता कोण ते सांगा.

दौतटाक
मुद्दा मोलाचा आहे. शीर्षकात ‘जनता’ नव्हतं, ‘नागरिक’ होतं. तो शब्द इथे जास्त खरा आहे, कारण तो तेवढ्यांनाच लागू होता. मालकांची दोन पत्रं मी वगळली होती, कंटाळवाणी म्हणून. आता घेते.

अनुस्वार
केंटकी या दुसऱ्या राज्याची कागदपत्रंही बघा. तिथल्या इतिहास संस्थेने युद्धकाळातल्या पाच गव्हर्नरांचे कागद एकत्र आणलेत, तीन संघराज्याच्या बाजूचे, दोन बंडखोरांचे. तिथे बरेचसे कागद दंडमाफीचे आणि शिक्षामाफीचे. त्यांना मात्र ‘दयेचा अर्ज’ हा मराठीत रुळलेला शब्द आहे.

रेवदंडेकर
अनुस्वारराव ‘अर्ज’ म्हणाले! तारीख टिपून ठेवा.

अनुस्वार
रुळलेला म्हणालो, चांगला नाही म्हणालो.

दौतटाक
आणखी एक अडलंय. बऱ्याच जणी ‘कॉटन कार्ड’ मागतात. युरोपातून आणून, उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून राज्याच्या ‘ॲडव्हान्स’ जहाजावरून येत होती ती. लाकडी फळीवर तारेचे बारीक दाते, अशा दोन फळ्या, त्यांच्यामध्ये कापूस विंचरायचा. ‘पिंजणी’ चालेल?

मालवणी मेवा
पिंजणी म्हटलं की पिंजाऱ्याची ती धनुष्यासारखी, ट्यँव ट्यँव करणारी.

बोरूबहाद्दर
खादीवाले पिंजण, पेळू वगैरे शब्द वापरतात. पेळू म्हणजे सुताला घ्यायची कापसाची वळी. ‘कापूस विंचरायच्या तारेच्या फण्या’ असं सरळ लिहा. फणी सगळ्यांना कळते.

सातारी शिपाईगडी
फणी बरोबर. वीव्हिंगवाल्यांकडं पण फणी असते, पण ती मागावरची, वेगळी. तळटीप द्या.

उसाचं कांडं
काकवीचं अजून मिटलेलं नाही. न्यू ऑर्लिन्स एप्रिल १८६२ मध्येच उत्तरेच्या हाती पडलं, म्हणजे लुईझियानाच्या उसाचा माल तुटला. त्यानंतर दक्षिणेत लोक गोड धाटाच्या ज्वारीचा रस आटवायला लागले. पिंपात ते असेल तर मळीही नाही आणि उसाची काकवीही नाही.

नर्मदेकाठची
ज्वारीची काकवी! फलटणच्या निंबकर संस्थेने गोड ज्वारीच्या पाकावर काम केलंय. ते त्याला काय म्हणतात?

सातारी शिपाईगडी
फलटण आमच्याच जिल्ह्यात. विचारून सांगतो. पण काकवीच म्हणत असले तर कांडंभाऊ ऐकणार आहेत का?

उसाचं कांडं
नाही.