मदत हवी आहे: मशीन व्हिजनच्या कॅमेऱ्याची मापे हळूहळू सरकत आहेत

नमस्कार,

धातूच्या गोल चकत्यांचे व्यास तपासण्यासाठी आमच्या प्रॉडक्शन लाइनवर मशीन व्हिजन (कॅमेऱ्याच्या प्रतिमेवरून माप घेणारी) यंत्रणा आहे. कॅमेरा २४४८ × २०४८ पिक्सेलचा असून तो सुमारे १२२ मिमी रुंदीचे क्षेत्र टिपतो, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण ०.०५ मिमी येतात. लेन्स टेलिसेंट्रिक (अंतर थोडे बदलले तरी वस्तूचा आकार तोच दाखवणारी) नाही; ती चकतीपासून ४०० मिमी उंचीवर आहे आणि प्रकाश खालून, लाल एलईडी बॅकलाइटचा आहे. कन्व्हेयरचा वेग सेकंदाला ४०० मिमी आणि एक्स्पोजर (प्रकाश टिपण्याचा वेळ) १०० मायक्रोसेकंद असल्यामुळे हालचालीने येणारा पुसटपणा ०.०४ मिमीच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्या बाजूने मला शंका वाटत नाही.

गेल्या काही आठवड्यांत मास्टर पीसचा (अचूक माप माहीत असलेल्या नमुना चकतीचा) ८० मिमीचा बाहेरचा व्यास ८०.१० मिमीच्या आसपास दिसू लागला आहे, तर मधले २० मिमीचे भोक १९.९० मिमीचे दिसते. यंत्रणा सुरू केल्यावर दिवा तापेपर्यंत हा फरक किंचित वाढतो आणि मग स्थिरावतो; बॅकलाइटची काच पुसल्यावर तो थोडा कमीही होतो. पाळीवरची मंडळी गेन (कॅमेऱ्याचा सिग्नल मोठा करण्याचे प्रमाण) वाढवून वेळ निभावून नेतात आणि मेंटेनन्स विभागाचा आग्रह पुन्हा कॅलिब्रेशन (एका पिक्सेलला किती मिमी हे नव्याने ठरवणे) करण्याचा आहे. मूळ कारण कळण्याआधी कॅलिब्रेशनला हात लावणे मला पटत नाही. कॅमेरा हलला आहे, फोकस सरकला आहे की प्रकाश कमी झाला आहे, हे वेगवेगळे कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

तुमच्या दोन आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. कॅमेरा चकतीच्या १ मिमी जवळ आला असता, तर ४०० मिमी अंतरावर सर्व मापे सुमारे ०.२५ टक्क्यांनी वाढली असती: ८० चे ८०.२० आणि २० चे २०.०५. तुमच्याकडे बाहेरचा व्यास जितका वाढला तितकेच भोक लहान झाले आहे, म्हणजे धातूची प्रत्येक कड साधारण एका पिक्सेलने प्रकाशाच्या बाजूला सरकली आहे. थ्रेशोल्ड (उजेड आणि अंधार वेगळे करणारी पातळी) ठरावीक आकड्यावर बांधलेला असेल आणि बॅकलाइट मंद झाला असेल, तर नेमके असेच घडते. एलईडी तापल्यावर तिचा प्रकाश कमी होतो, आणि लाल एलईडीत ही घट अधिक जाणवते, त्यामुळे सुरुवातीच्या वाढीचाही उलगडा होतो.

या स्थितीत कॅलिब्रेशन केल्यास बाहेरचा व्यास जागेवर येईल, पण भोक १९.८७ च्या आसपास जाईल. त्याऐवजी दिवा पुरेसा तापू द्यावा, बॅकलाइट व लेन्सपुढची काच लिंट नसलेल्या कापडाने पुसावी आणि रिकाम्या चौकटीची (चकती नसलेल्या प्रतिमेची) सरासरी ग्रे पातळी, म्हणजे पिक्सेलची उजळता, पाहावी. यंत्रणा बसवतानाची नोंद असेल तर दिव्याचा प्रवाह वाढवून तीच पातळी पुन्हा आणावी. गेन शेवटचा उपाय समजावा, कारण तो प्रकाशाबरोबर नॉइजही (प्रतिमेतील दाणेदारपणा) वाढवतो. पार्श्वभूमी २५५ वर (सर्वात उजळ पातळीवर) चिकटली, तर कड उलट दिशेने सरकण्याचा धोका असतो. सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास थ्रेशोल्ड उजेड आणि अंधार यांच्या मध्यावर आपोआप ठरेल असे करावे. खरा इलाज तोच आहे.

फोकससाठी कडेवरचा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा बदल किती पिक्सेलांत होतो ते मोजावे. तो पट्टा पूर्वीपेक्षा रुंद झाला असेल तरच लेन्सचे लॉकिंग स्क्रू सैल करावेत, एरवी त्यांना हात लावू नये.

प्रश्नकर्ता:

आभारी आहे. यंत्रणा बसवतानाची ग्रे पातळीची नोंद आमच्याकडे नाही, मात्र त्या वेळच्या मास्टर पीसच्या प्रतिमा साठवलेल्या आहेत. त्यांतील चकतीबाहेरच्या भागावरून मूळ पातळी काढली तर चालेल का?

प्रतिसाद:

चालेल, मात्र त्या प्रतिमा जेपेगसारख्या दाबलेल्या स्वरूपात नसाव्यात आणि त्या वेळचे एक्स्पोजर, गेन व अ‍ॅपर्चर आजच्याइतकेच असावे. कडेलगतचे पिक्सेल सोडून, प्रत्येक वेळी चौकटीचा एकच ठरावीक भाग घ्यावा, कारण बॅकलाइट मध्यभागी आणि कोपऱ्यांत सारखा नसतो.