चिरे नकोत, कडा आवळा

वादळात छपराचे पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर जांभ्याचे चिरे ठेवा, असा सल्ला दिला जातो, तो कृपया पाळू नका. पत्रा सुटला की तेच चिरे खाली कोसळतात. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत तरी हे पुन्हा नको.

वादळवारा पत्रा वर खेचतो, आणि सर्वांत जास्त कडांना नि कोपऱ्यांना. त्यामुळे छपराच्या मधल्या भागात एक पन्हळ सोडून स्क्रू चालतील. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या पर्लिनवर (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीवर) मात्र पन्हळीच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, ईपीडीएम (टिकाऊ रबराच्या) वॉशरसकट. वॉशर फुगून बाहेर येईपर्यंत आवळला तर उन्हात चिरतो आणि गळती तिथूनच सुरू होते. शेजारच्या पत्र्यांच्या जोडाचं तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे पावसाळी वाऱ्याकडे, नको. ट्रस (छपराचा तिकोनी सांगाडा) भिंतीवर नुसता टेकवलेला नको, काँक्रीटच्या पट्ट्यात अँकर बोल्टने धरलेला हवा.

कंत्राटदाराकडून कोटिंग वगळून पत्र्याची जाडी आणि स्क्रूंमधलं अंतर लेखी घ्या. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावरच.