‘माजी सैनिक’ला कवितेत काय म्हणावे?

प्रश्न: युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी कविता लिहिते आहे. पहिली ओळ ‘वंदन तुम्हां, वीर हुतात्म्यांनो’ अशी होती. वाचून दाखवली तर एक वृद्ध सैनिक हळूच म्हणाले, ‘ताई, आम्ही अजून आहोत.’ मला फार वाईट वाटले. ‘माजी सैनिक’ हा शब्द अर्जावरचा वाटतो. दुसरा आहे का?

प्रतिसाद: त्यांचे बरोबरच आहे. हुतात्मा म्हणजे हुत + आत्मा, ज्याने स्वतःची आहुती दिली तो. जिवंत माणसाला तो लावता येत नाही. ‘शहीद’चेही तेच. हा शब्द अरबी, मूळ अर्थ साक्षीदार. पण मराठीत शहीद म्हटले की माणूस गेलेलाच.

तुमची अडचण खरी आहे, कारण रणात मेलेल्यांसाठी आपल्याकडे शब्दच शब्द आहेत: वीरगती, वीरमरण, कामी येणे, धारातीर्थी पडणे. यातला शेवटचा मला सर्वांत आवडतो. शस्त्राची धार हेच तीर्थ. परत आलेल्याच्या वाट्याला मात्र ‘माजी’ आणि ‘निवृत्त’. ‘माजी’ म्हणजे होऊन गेलेला. ‘जवान’चा मूळ अर्थ तरुण, म्हणजे ‘माजी जवान’ म्हणताना आपण नकळत ‘एकेकाळचा तरुण’ म्हणतो! इंग्रजीतला ‘व्हेटरन’ लॅटिनमधल्या ‘जुना’ या अर्थाच्या शब्दावरून आला. तिथे जुनेपणातच मान आहे.

कवितेतही हेच झाले आहे. क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत ब्रिटिश घोडदळाने केलेल्या चढाईवर इंग्रज कवी टेनिसनने 1854 मध्येच कविता लिहिली, ती अजरामर झाली. त्याच चढाईतून वाचलेले, म्हातारे आणि कंगाल झालेले वीस जण त्याच कवीच्या दारी जातात, अशी कविता किपलिंग या दुसऱ्या इंग्रज कवीने लिहिली ती 1890 मध्ये. मधे छत्तीस वर्षे गेली.

मी ‘जुना योद्धा’ किंवा ‘रणातून परतलेला’ वापरेन. ‘झुंजार’ही चालेल, फक्त तो स्वभाव सांगतो, गेलेला काळ सांगत नाही.

दुसरा प्रतिसाद: ‘पडलेले’ या अर्थी कुणी ‘पतित’ लिहू नका, एवढे सुचवतो. दोन्हींचा धातू ‘पत्’च, पण पतित म्हणजे नीतीने घसरलेला. मी हे छापील कवितेत पाहिले आहे. ‘रणी पडले’ निर्दोष.

प्रश्नकर्ती: आणि ‘बलिदान’? दुसऱ्या कडव्यात ‘तुमचे बलिदान’ आहे.

पहिला प्रतिसादक: तोही बदला. बलिदान ऐकले की प्राणच डोळ्यांसमोर येतात. ‘त्याग’ जवळचा आहे, कारण त्यज् म्हणजे सोडणे, आणि सोडणारा सोडून उरतो. तरी एका ठिकाणी तो अपुरा पडतो. त्याग माणूस जाणून करतो. सुरुंगात गेलेला पाय किंवा आजही मोडणारी झोप कुणी सोडलेली नसते, ती हिरावली गेलेली असते. तिथे ‘झळ सोसली’ म्हणा, ‘झिजलात’ म्हणा. एक साधा शब्द तर हाताशीच आहे, ‘व्रण’. तो बऱ्या झालेल्या जखमेचा असतो, म्हणजे जगलेल्याचाच असतो.

प्रश्नकर्ती: ओळ बदलली:
‘रणातून परतल्या पावलांनो, तुमच्या व्रणांना वंदन.’
आता त्यांनाच आधी ऐकवते.